नायट्रॉक्सचं कार्ड घेऊन दोन वर्षं झाली

माझी पहिली नायट्रॉक्सवरची, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवरची, स्कूबा डाइव्ह ३४ मिनिटांत संपली. आदल्याच दिवशी त्याच रीफवर, तेवढ्याच खोलीला, साध्या हवेवर ३५ मिनिटं झाली होती. लॉगबुकात दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या आणि खरं सांगते, फसल्यासारखं वाटलं. कोर्सचे पैसे भरले, वर प्रत्येक टाकीमागे जास्तीचे पैसे, टाकीला ती हिरवी-पिवळी पट्टी आली, आणि एवढं करून पाण्याखालचा वेळ एका मिनिटाने कमीच.

मी कोर्स केला तोच मुळी "नायट्रॉक्सवर जास्त वेळ खाली राहता येतं" हे ऐकून. हे वाक्य खोटं नाहीये पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्या कानात शिरलं नव्हतं. आता दोन वर्षांत बऱ्यापैकी डाइव्ह झाल्यात, काही गोष्टी पटल्यात, काही अंगावर आल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. करू का नको असं विचारणाऱ्यांना मी दरवेळी तोंडी हेच सगळं सांगत असते.

आधी त्या ३४ मिनिटांचं काय झालं ते. आपण श्वासात घेतो त्या हवेत ढोबळमानाने २१ टक्के ऑक्सिजन आणि ७९ टक्के नायट्रोजन. नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन वाढवलेली हवा, बहुतेक ठिकाणी ३२ टक्के, कुठे ३६. ऑक्सिजन वाढला की तेवढा नायट्रोजन कमी, आणि खाली असताना शरीरात विरघळतो तो नायट्रोजनच, त्यामुळे तो हळू साठतो आणि डेकोशिवाय, म्हणजे वर येताना वाटेत सक्तीचे थांबे न घेता, खाली राहायची मुदत वाढते. इथपर्यंत सगळं बरोबर. पण डाइव्ह संपवणारी घड्याळं दोन असतात ना, एक ही नायट्रोजनची मुदत आणि दुसरं टाकीतला गॅस, आणि दुसऱ्या घड्याळाला नायट्रॉक्सने काडीचाही फरक पडत नाही. ३२ टक्केवाली टाकीसुद्धा २०० बार दाबाचीच असते आणि फुप्फुसं तेवढीच ओढतात.

माझा तेव्हाचा हिशोब असा होता: पृष्ठभागावर मोजलं तर मिनिटाला साधारण २० लिटर. टाकी नेहमीची ॲल्युमिनियमची, अकरा लिटरच्या आसपास, २०० बारला २२०० लिटर. ५० बार राखीव ठेवले की हातात राहतात साडेसोळाशे लिटर. सरासरी १५ मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे मिनिटाला ५० लिटर जाणार, भागाकार केला की ३३ मिनिटं. संपली डाइव्ह! आणि नायट्रोजनची मुदत? पाडी ह्या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात हवेवर १८ मीटरला ५६ मिनिटं आहेत. ५६ मिनिटांची मुदत असताना माझी टाकीच ३४ मिनिटांत संपत असेल तर ती मुदत वाढवून ७२ केली काय आणि दोनशे केली काय, मला त्याचा उपयोग शून्य. घोडं पेंड खात होतं ते माझ्या श्वासापाशी, आणि मी औषध घेत होते भलत्याच दुखण्यावर.

म्हणून आता कोणी विचारलं की मी उलट विचारते, तुझ्या शेवटच्या दहा डाइव्ह कशाने संपल्या? टाकीचा दाब दाखवणारा गेज ५० वर आला म्हणून वर आलास, का मुदत मोजणारा डाइव्ह कम्प्युटर शून्याकडे चालला होता म्हणून? उत्तर गेज असेल तर नायट्रॉक्सचे पैसे आत्ता राहू देत, वजनं नीट करून घे, पाण्यात आडवं राहायला शिक, हात हलवणं बंद कर. मी नंतर वर्षभर तेच केलं. कमरेच्या पट्ट्यातलं दोन किलो वजन उतरलं, बीसीडीत, म्हणजे तरंगायच्या जॅकेटात, सारखी हवा भरायची सोडायची सवय सुटली, आणि २० लिटरवरून मी चौदावर आले. माझा पाण्याखालचा वेळ खऱ्या अर्थाने वाढला तो ह्याने.

कोर्सबद्दल थोडक्यात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, थोडी थिअरी, थोडं गणित, टाकी तपासायची कशी ते, आणि एक परीक्षा. बऱ्याच संस्थांत डाइव्ह करणंही सक्तीचं नाही. अवघड काहीच नाही, आणि मला वाटतं तीच त्याची एक अडचण पण आहे, सोपं आहे म्हणून लोक हलक्यात घेतात. आमच्या इन्स्ट्रक्टरने मात्र तसं होऊ दिलं नाही. तिने पहिला तास फक्त ऑक्सिजनवर बोलून काढला, नायट्रोजनचा विषयच नाही. म्हणाली, "फायदा काय ते तुम्हाला येतानाच माहितीये, मी धोका सांगते."

धोका असा की ऑक्सिजन दाबाखाली विषारी होतो. मज्जासंस्थेवर होणारा हा परिणाम पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच मांडला होता, म्हणजे स्कूबा नावाचा प्रकार जन्मायच्या कितीतरी आधी. मिश्रणातला ऑक्सिजनचा वाटा गुणिले आजूबाजूचा दाब, हा आकडा १.४ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, १.६ ही अगदी शेवटची भिंत. ३२ टक्क्यांना हे गणित ३३ मीटरच्या जरा पुढे संपतं, ३६ टक्क्यांना २८ मीटरपाशीच. साध्या हवेवर हीच रेघ ५६ मीटरला आहे, म्हणून हवेवर हौशी डायव्हरला हा विचार कधी करावाच लागत नाही. म्हणजे नायट्रॉक्सने खोल जाता येतं हा जो समज आहे तो बरोबर उलटा, नायट्रॉक्स घेतला की तुमच्या डाइव्हला तळ येतो.

आणि ती रेघ ओलांडली तर काय, तर फिट येऊ शकते. जमिनीवर फिट आली तर माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर येतो, पण ३५ मीटरवर फिट आली की तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि पुढचा श्वास पाण्याचा. दिसायला अंधुक होणं, कानात आवाज, मळमळ, ओठ फडफडणं, चिडचिड, चक्कर, अशी लक्षणं पाठ करून घेतात खरी, पण ती आधी येतीलच ह्याची कुणीच खात्री देत नाही, सरळ फिटच येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड ह्यांनी ब्रिटिश नौदलासाठी ह्यावर खूप प्रयोग केले, त्यात दिसलं की माणसामाणसात तर फरक असतोच पण एकाच माणसाची सहनशक्तीसुद्धा एका दिवसाची दुसऱ्या दिवशी राहत नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. "मी मागे गेलो होतो तेवढ्या खोल, काही झालं नाही" असं कोणी म्हणालं की मला तेच आठवतं.

वेळेचीही मर्यादा आहे, १.४ बारला एका डाइव्हसाठी १५० मिनिटं आणि १.६ ला फक्त ४५. नोआचे, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, हे आकडे बघून मी आधी घाबरले होते पण हौशी डाइव्हमध्ये ते क्वचितच आड येतात, ३० मीटरवर ३२ टक्के म्हणजे १.२८ बार, तिथे तुम्ही तीन तास थोडेच बसणार आहात. खोली मात्र एका मिनिटात चुकू शकते, समुद्रातल्या उभ्या कड्यावर कासवामागे खाली खाली जाताना तर फार सहज.

नायट्रॉक्सची ३२ टक्क्यांची रीत नोआतल्याच मॉर्गन वेल्स ह्यांनी बसवली, आणि १९७९ साली ती नोआच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये आली. तिथूनच निवृत्त झालेल्या डिक रुटकोव्स्की ह्यांनी १९८५ पासून ती हौशी डायव्हरना शिकवायला सुरुवात केली, आणि त्यावरून केवढा गदारोळ! सैतानी गॅस म्हणायचे लोक त्याला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डायव्हिंगच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात नायट्रॉक्स शिकवणाऱ्यांना आधी मज्जाव झाला, नंतर तो मागे घ्यावा लागला. १९९६ मध्ये पाडीनेही कोर्स काढला आणि मग वाद थंडावला. आज कार्ड अर्ध्या दिवसात मिळतं. मला वाटतं दोन्ही टोकं चुकीची, तेव्हाची भीतीही जास्त होती आणि आत्ताचा बिनधास्तपणाही जास्त आहे.

आता टाकी तपासणं. हा भाग मी कधीच घाईत उरकत नाही. ॲनालायझर छोटासा असतो, तळहातात मावेल एवढा, आत एक ऑक्सिजनचा सेन्सर जो स्वतःच थोडी वीज तयार करतो, ऑक्सिजन जास्त तर वीज जास्त. आधी साध्या हवेवर धरायचा आणि आकडा २०.९ ला आणायचा. मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा, फुस्स करून जोरात सोडला की आकडा चुकतो, बारीक धार पाहिजे, गालावर फुंकर वाटावी एवढीच. आकडा चढायला लागतो, २६, २९, ३१, मग दशांशात खेळत राहतो, आणि इथे लोक घाई करतात, तो थांबेपर्यंत थांबायचं. मग टेपवर लिहायचं: टक्के, कमाल खोली, तारीख, स्वतःचं नाव. रजिस्टरमध्ये सही. आणि मग लगेच, तिथल्या तिथे, कम्प्युटरवर तोच आकडा टाकायचा. नंतर टाकू म्हणलं की राहतं. हवेची टाकी पाठीवर आणि कम्प्युटरवर कालचे ३२ तसेच, ही सगळ्यात वाईट चूक, कारण मग कम्प्युटर तुम्हाला जी मिनिटं दाखवतो ती तुमच्याकडे नसतातच. काही कम्प्युटर ठरावीक तासांनी आपोआप हवेवर जातात, काही जात नाहीत, आपला कुठला ते माहीत पाहिजे.

ह्या तपासणीने मला एकदा खरंच वाचवलं असं मी मानते. बोटीवरची ट्रिप होती, पाचवा दिवस, सकाळी बुडालेल्या जहाजावर डाइव्ह. जहाजाचा तळ ३२ मीटरला, सगळा प्लॅन ३२ टक्क्यांवर बसवलेला, टाक्यांवरही ३२ च लिहिलेलं. चार दिवस रोज आकडा ३१.७, ३२.१ असाच येत होता त्यामुळे त्या दिवशी मनात आलंच की आज काय वेगळं येणारे. ॲनालायझर लावला. ३४, ३५, आणि ३६.१ वर येऊन थांबला.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. काढला, हवेवर धरला, २०.९ बरोबर. परत लावला, परत ३६.१. बोटीवर दुसरा ॲनालायझर होता तो मागून आणला, त्यावर ३६.३. तोंडात जाणार होतं ते मिश्रण वेगळंच होतं. ३२ मीटरवर दाब ४.२ बार, गुणिले ०.३६, म्हणजे दीड बारच्या वर. १.४ ची रेघ केव्हाच मागे पडलेली, आणि मला ते कळलंही नसतं कारण माझ्या कम्प्युटरला मी ३२ सांगितलेलं असतं, तो बिचारा शांतपणे १.३४ दाखवत राहिला असता.

टाक्या भरणाऱ्या पोराला दाखवलं तर तो म्हणाला, १.६ च्या आत आहे ना, काही होत नाही. मला त्याचा राग आला आणि अजूनही येतो. १.६ ही अडीअडचणीसाठी ठेवलेली जागा आहे, प्लॅन करून तिथे जायचं नसतं, त्यात जहाजावर करंट असतो, माणूस दमतो, श्वास जोरात चालतो, आणि अशा वेळी ऑक्सिजनचा धोका आणखी वाढतो. मी सगळ्यांना टाक्या परत तपासायला सांगितल्या. त्याच खेपेत भरलेल्या आणखी दोन टाक्या छत्तीसच्याच निघाल्या, आणि त्यातल्या एकीवर आदल्या दिवशीचं बघून ३२ लिहून सही पण झालेली होती.

असं होतं कसं, ते मी नंतर समजून घेतलं. त्या बोटीवर आधी टाकीत शुद्ध ऑक्सिजन सोडायचे आणि मग वरून हवा भरायचे. रिकाम्या टाकीत २०० बारला ३२ टक्के पाहिजे असेल तर ऑक्सिजन लागतो साधारण २८ बार, बाकी हवा. ३६ टक्क्यांना लागतो ३८ बार. म्हणजे गेजवर दहा बारची चूक झाली की तुमचे चार टक्के बदलले, आणि दोनशे-तीनशे बारच्या गेजवर दहा बार म्हणजे सुईची एवढीशी हालचाल. मेंब्रेनवाल्या सिस्टीममध्ये हवेतूनच नायट्रोजन गाळून काढतात, तिथे आकडा बराच स्थिर येतो, पण तपासायचं तिथेही. दुसऱ्याने तपासलेली टाकी मी घेत नाही. बडीने, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराने, तपासली तरी मी स्वतः आकडा बघते, आणि कोणाला ह्यात अपमान वाटला तर वाटू दे.

त्या दिवशी मी आणि माझा बडी जहाजाच्या वरच्या डेकवर थांबलो, २५ मीटरला. कम्प्युटरवर ३६ टाकले, टेप फाडून नवीन लिहिली, कमाल खोली २८. इंजिन रूम बघायची राहिली. विंचच्या दोरखंडाच्या गुंडाळीत एक लायनफिश बसला होता, तोच बघत बसलो बराच वेळ.

माझा बडी म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, आणि तो तेव्हा नायट्रॉक्स करायला तयारच नव्हता. "ताई, हवेवर आजपर्यंत काय झालंय का मला?" हे त्याचं ठरलेलं. त्याच्यामुळे मला तुलना मात्र फार छान बघायला मिळाली. त्याच ट्रिपचा तिसरा दिवस, दिवसातली तिसरी डाइव्ह, दोघं २२ मीटरवर बरोबर, वीस मिनिटं झालेली. त्याने कम्प्युटर माझ्यापुढे धरला, ४ मिनिटं शिल्लक. माझ्यावर २३. दोघांच्याही टाक्यांत ११० बार! म्हणजे गॅस भरपूर आणि मुदत संपत आलेली, नेमकी ती परिस्थिती जिच्यासाठी नायट्रॉक्स बनलाय.

कारण सरळ आहे. पहिल्या डाइव्हला फारसा फरक दिसत नाही, पण आतला नायट्रोजन दोन डाइव्हच्या मधल्या वेळात, सरफेस इंटरव्हलमध्ये, पूर्ण जात नाही, उरलेल्यावर दुसऱ्या डाइव्हचा चढतो, त्यावर तिसऱ्याचा. ३२ टक्क्यांवर २२ मीटर म्हणजे नायट्रोजनच्या दृष्टीने हवेवरचे साडेसतरा मीटर, म्हणजे दर डाइव्हला कर्जच कमी काढलं जातं, तीन दिवसांत त्याचा ढीग वेगळा दिसतो. ३० मीटरचे होतात साडेचोवीस, तिथे टेबलात २० मिनिटांची २९ होतात. दिवसाला एक डाइव्ह करणाऱ्याला ह्यातलं काही जाणवणार नाही. दिवसाला तीन-चार, सलग पाच-सहा दिवस, १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात, आणि श्वास आटोक्यात असलेला डायव्हर, अशाला ते पैसे वसूल आहेत असं मी डोळे झाकून सांगेन. बारा मीटरच्या रीफवर मात्र हवेवरच १४७ मिनिटं मिळतात, तिथे कशाला.

पण त्या डाइव्हला मी वर आले ती त्याच्याबरोबरच. माझी २३ मिनिटं वापरलीच गेली नाहीत. बडी सोडून थोडीच जायचं असतं, जोडीतल्या ज्याची मुदत कमी त्याच्या हिशोबाने दोघांनी चालायचं. ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती: एकाकडे हवा आणि एकाकडे नायट्रॉक्स असेल तर वेळेचा फायदा कोणालाच नाही. तरी मला ते पैसे वाया गेले असं वाटलं नाही, कारण तेवढ्याच डाइव्हमध्ये मी मुदतीपासून पुष्कळ लांब होते आणि तो काठावर होता. डीकंप्रेशन सिकनेसची, म्हणजे साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराची, शक्यता हौशी डाइव्हमध्ये मुळात कमीच असते, पण काठावर रोज रोज जायचं का नाही हे आपल्या हातात असतं. काही जण मुद्दाम नायट्रॉक्स श्वासात घेऊन कम्प्युटर हवेवर ठेवतात, मिनिटं हवेचीच वापरायची आणि जो फायदा तो सगळा सुरक्षिततेत टाकायचा. चाळिशीनंतर किंवा लागोपाठच्या डाइव्हला मला हा विचार पटतो, पण कम्प्युटरला मग ऑक्सिजनचं काहीच कळत नाही, तो खोलीची सूचना देणार नाही, ती रेघ तुमच्याच डोक्यात पाहिजे. मी स्वतः कम्प्युटर खऱ्या आकड्यावर ठेवते आणि दहा मिनिटं शिल्लक असताना वर निघते.

दोन गोष्टींचं मला पूर्वी वाटायचं ते आता वाटत नाही. एक, की नायट्रॉक्सने खोलीवरची नशा कमी येते. नायट्रोजन कमी म्हणजे नशा कमी असं वाटणं साहजिक आहे, पण चरबीत विरघळण्याच्या हिशोबाने ऑक्सिजनही तसाच नशा आणणारा ठरतो, त्यामुळे ह्या भरवशावर राहू नये. मला स्वतःला ३० मीटरवर दोन्हींवर सारखंच संथ वाटतं, गेज दोनदा वाचावा लागतो.

दुसरी म्हणजे थकवा. हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, नायट्रॉक्सवर संध्याकाळी फ्रेश वाटतं. मलाही वाटतं! हवेच्या ट्रिपमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी मी आडवी व्हायचे, आता होत नाही. पण २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात ११ डायव्हरवर एक प्रयोग झाला, कोरड्या चेंबरमध्ये १८ मीटरच्या दाबाला, एकदा हवा आणि एकदा ३६ टक्के, काय चालू आहे ते डायव्हरना न सांगता, आणि थकव्यात फरक सापडला नाही. तो करणाऱ्यांत रिचर्ड हॅरिस होते, तेच भूलतज्ज्ञ जे २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेतून मुलांना बाहेर काढायला गेले होते. अकरा माणसं आणि कोरडा चेंबर म्हणजे समुद्रातला आठवडा नव्हे, आणि नंतरच्या अभ्यासांचे निकालही एकसारखे नाहीत हे खरं. पण मी त्याच काळात श्वास सुधारला, पट्ट्यातलं वजन कमी केलं, पोहायची पद्धत बदलली, मग फ्रेश वाटण्याचं श्रेय मी एकट्या गॅसला कसं देऊ. म्हणून कोणी फक्त थकव्यासाठी कोर्स करत असेल तर मी हो म्हणत नाही.

विमानाच्या नियमातही सूट नाही. सलग दिवसांच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी १८ तास थांबायचं ते नायट्रॉक्सवरही तेवढंच, मी चोवीस थांबते.

मावसभावाने शेवटी कोर्स केला. माझ्या सांगण्याने नाही, त्या ४ मिनिटांनी केला, कारण त्या डाइव्हला आम्ही वर निघालो तेव्हा खाली मंटा रे हा मोठा मासा आला होता आणि आमच्या खालून गेला, आणि त्याला थांबता आलं नाही. पुढच्या ट्रिपला त्याने पहिल्यांदा स्वतःची टाकी स्वतः तपासली. मी बाजूला उभी राहिले, बोलले नाही. व्हॉल्व्ह जरा जास्त उघडला, मग स्वतःच कमी केला. ३१.८. मी ॲनालायझर मागितला तर म्हणाला, "बघ ना ताई, तू पण बघ," आणि टाकी माझ्याकडे वळवली. टेपवर त्याच्या त्या वेड्यावाकड्या अक्षरात ३२, ३३ मीटर, तारीख, नाव. दोघांचे कम्प्युटर शेजारी शेजारी धरून आकडे टाकले.

ती डाइव्ह दिवसातली तिसरी होती आणि ४८ मिनिटं चालली. गेज ६० वर आले म्हणून वर आलो, मिनिटं दोघांच्याही कम्प्युटरवर शिल्लक होती.